रानातले मांस, ‘विचित्र’ अन्न आणि एका पशुवैद्यकाचा अनुभव

आपण पर्थहून विचारलेल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर कांगारू आणि मगर खाल्ल्यानंतर आपल्याला कुतूहल वाटले की माणसाने आजवर काय काय खाल्ले असेल आणि या सगळ्याची चव लोक म्हणतात तशी खरोखरच ‘कोंबडीसारखी’ असते काय. दुसरा भाग असा की अशा मांसातून आजार होण्याचा धोका किती असतो. तिसरा भाग जरा नाजूक आहे. डिसेंबरच्या सुट्टीत गावी आल्यावर मित्रमंडळी शेतावर ‘शिकारीचे मटण’ करणार आहेत, तेथे जावे की नाही, असे आपण विचारता. मी पशुवैद्यकीय सेवेत 31 वर्षे काढली. त्यातली सुरुवातीची वर्षे रायगडच्या खाडीपट्ट्यात गेली, मधली गडचिरोलीत आणि शेवटची कत्तलखान्यात मांसतपासणीच्या कामावर. त्यामुळे या तिन्ही भागांवर मला थोडे अनुभवाने आणि थोडे अभ्यासाने सांगता येईल.

आधी माझे मत सांगतो, म्हणजे पुढचे तपशील कोणत्या सूत्रात ओवायचे ते कळेल. ज्या अन्नाला आपण विचित्र म्हणतो ते, पिढ्यान्‌पिढ्या ते खात आलेल्या माणसांच्या हातात सहसा घातक नसते. प्राण्याचा कोणता भाग टाकायचा, तो कोणत्या महिन्यात धरायचा, किती वेळ शिजवायचा किंवा किती दिवस पुरून ठेवायचा, हे त्यांना ठाऊक असते. दुसऱ्या कोणी त्यांचा जिन्नस उचलला आणि रीत तिथेच सोडली की धोका सुरू होतो.

उंदरापासून सुरुवात करतो, कारण मी स्वतः खाल्लेल्या ‘विचित्र’ पदार्थांत त्याचा पहिला नंबर लागतो. भातकापणी झाली की कातकरी मंडळी शेताच्या बांधांवर उंदरांची बिळे खणतात. एका बिळातून उंदीर तर मिळतातच, शिवाय त्यांनी आत नेऊन साठवलेल्या भाताच्या लोंब्याही मिळतात आणि त्या लोंब्यांचे भात कुटून घरात येते. बिळाला तोंडे किती आहेत, धूर कोणत्या तोंडातून द्यायचा आणि कोणत्या तोंडाशी हात तयार ठेवायचा, हे आठ-दहा वर्षांच्या मुलालाही कळत असते. उंदीर मिळाल्यावर पेटत्या गवतावर त्याचे केस जाळतात, अंग खरवडून धुतात, पोट फाडून आतडी टाकतात आणि मग मीठ-मिरची लावून निखाऱ्यावर भाजतात किंवा रस्सा करतात. भाताच्या दाण्यावर पोसलेल्या त्या उंदराचे मांस मऊ आणि किंचित गोडसर लागते. गावातल्या गटारातला उंदीर कोणीही खात नाही. तो वेगळा आणि शेतातला वेगळा, हा फरक त्यांच्या लेखी बोकड आणि कुत्रा यांच्यातल्या फरकाइतका मोठा असतो.

हे वाचून ज्याला शिसारी येईल त्याने कल्याणीच्या चालुक्य राजाच्या मुदपाकखान्यात डोकावावे. सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. शेतात आणि नदीकाठी वाढणारे काळे, बलवान उंदीर कसे करावेत, ते या प्रकरणात पाककृतीच्या शिस्तीने दिले आहे. शेपटीला धरून गरम तेलात घालावे म्हणजे केस निघतात, मग गरम पाण्याने धुवावे, पोट चिरून, साफ करून शिजवावे, नाहीतर सळईला लावून निखाऱ्यावर वरची कातडी आक्रसेपर्यंत भाजावे आणि वरून मीठ, जिरे, सुंठ भुरभुरावी. राजाच्या स्वयंपाक्याने तेल वापरले आणि कातकऱ्याने गवत पेटवले, एवढाच काय तो फरक. दोघांच्याही क्रमात केस, मग धुणे, मग पोट आणि शेवटी आग असे टप्पे आहेत, आणि मांसतपासनीस म्हणून मी विचाराल तर हाच क्रम सांगेन.

आता यातला धोका नेमका कोठे आहे ते पाहा. लेप्टोस्पायरा हा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो आणि लघवीवाटे ओल्या मातीत उतरतो. नीट शिजवलेल्या मांसात तो टिकत नाही. म्हणजे खाणाऱ्यापेक्षा खणणाऱ्याला भीती अधिक, विशेषतः हातापायांना जखमा असतील आणि शेतात पाणी असेल तर. दुसरा धोका अलीकडचा आहे आणि तो परंपरेला ठाऊक नव्हता. शेतकरी बिळांशी विषारी आमिष ठेवतात. त्यातले झिंक फॉस्फाईड लवकर मारते, पण ब्रोमाडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी औषधे उंदराच्या यकृतात साठून राहतात आणि शिजवल्याने जात नाहीत. माझ्या पाहण्यातल्या वाडीवरची जाणती मंडळी खणायला सुरुवात करण्याआधी शेतमालकाला ‘औषध टाकलंय का’ असे विचारत आणि मेलेला उंदीर मिळाला तर त्याला हात लावत नसत. ही नवी शिस्त त्यांनी स्वतःच घालून घेतली होती. कोणत्याही खात्याने ती शिकवली नव्हती.

चवीबद्दल बोलू. मगर, बेडूक, घोरपड, साप यांची चव कोंबडीसारखी लागते, या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याचे कारण साधे आहे. मांसाचा रंग आणि बराचसा गडदपणा मायोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. हे प्रथिन स्नायूत प्राणवायू धरून ठेवते. ज्या स्नायूला तासन्‌तास काम करायचे असते त्यात ते भरपूर असते, तर जो स्नायू क्षणभर झेप घेऊन थांबतो त्यात ते अत्यल्प असते. मगर दिवसभर पडून राहते आणि एकदाच उसळते, म्हणून तिचे शेपटीचे मांस पांढरे. पांढऱ्या आणि कमी चरबीच्या मांसाला स्वतःचा ठसठशीत स्वाद नसतो, आणि आपल्या जिभेला त्या जातीतला ओळखीचा नमुना कोंबडीचाच असल्यामुळे उपमाही तीच सुचते. आपण खाल्लेला कांगारू याच्या अगदी उलट टोकाला आहे. मैलोन्‌मैल उड्या मारणाऱ्या त्या प्राण्याचे मांस गडद लाल आणि जवळजवळ चरबीविरहित असते, त्यामुळे ते थोडे जास्त शिजले की चामड्यासारखे होते.

ईमूचे उदाहरण याहून मजेदार आहे, कारण तो पक्षी असूनही त्याचे मांस गोमांसासारखे लाल असते. न उडणारा आणि सतत धावणारा पक्षी असल्याने त्याचे सगळे मांस मांड्यांत असते. आपल्याकडे 2010 च्या आगेमागे ईमूपालनाची मोठी लाट आली होती. मांस, तेल, पिसे, कातडी, सगळ्याला भाव आहे असे सांगून शेतकऱ्यांना जोड्या विकल्या गेल्या. प्रत्यक्षात खाणारे गिऱ्हाईक जवळपास नव्हतेच आणि एकमेकांना पिल्ले विकण्यापुरताच बाजार होता. तो बसला तेव्हा खाद्याचा खर्च न परवडल्याने लोकांनी पक्षी अक्षरशः सोडून दिले. त्या काळात मी ईमूचे मांस पाहिले, तपासले आणि खाल्ले. बारीक चिरून, जरा दही लावून, झटपट परतले तर ते उत्तम लागते. आपल्या पद्धतीने तासभर रटरटवले की त्याचा दोरखंड होतो. माझ्या मते तो धंदा बुडण्याची मुख्य कारणे फसवणुकीची होती, तरी आपल्या स्वयंपाकघराला त्या मांसाची रीत कोणी शिकवली नाही, हेही एक कारण होतेच.

प्राण्याची खरी ओळख मात्र चरबीत असते. बोकडाचा जो वास आपण ओळखतो तो चरबीतल्या फांद्या असलेल्या काही मेदाम्लांचा असतो, आणि वयात आलेल्या नर डुकराच्या मांसाला येणारा उग्र दर्प अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या दोन द्रव्यांचा असतो. त्यात शिकारीचा प्रकार मिसळला की चव आणखी बदलते. कुत्री लावून दमवलेल्या जनावराच्या स्नायूतले ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, संपून गेलेले असते, त्यामुळे मरणानंतर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही. असे मांस काळपट, चिकट आणि लवकर नासणारे होते. रक्त नीट वाहू दिलेले नसते, गोळी किंवा भाला पोटात लागलेला असेल तर आतड्यातला मळ मांसभर पसरलेला असतो, आणि आपल्या हवेत दोन तासांत त्याचे परिणाम दिसू लागतात. शिकारी ज्याला कौतुकाने ‘रानाचा वास’ म्हणतात त्यातला निम्माअधिक वास, मला विचाराल तर, हलगर्जीपणाचा असतो. युरोपात शिकार थंड हवेत आठवडाभर टांगून मुरवतात. आपल्याकडे ती रीत चालणे शक्य नव्हते, म्हणून येथे मांसाच्या पट्ट्या कापून, उन्हात कडक वाळवून त्यांच्या चान्या करण्याची रीत रुजली. हवामान बदलले की रीत बदलते.

निव्वळ जिज्ञासेपोटी वाटेल ते खाणाऱ्यांचाही एक इतिहास आहे आणि त्यात शास्त्रज्ञांची नावे बरीच निघतात. चार्ल्स डार्विन केंब्रिजला शिकत असताना सहसा न खाल्ले जाणारे पक्षी चाखणाऱ्या मित्रमंडळात होता. बहिरी ससाण्याच्या जातीचा पक्षी आणि बगळ्याच्या कुळातला बिटर्न त्यांनी पचवले, पण एका म्हाताऱ्या तपकिरी घुबडाने त्या मंडळाचा उत्साह संपवला. पुढे बीगल जहाजाच्या प्रवासात त्याने प्यूमा खाल्ला आणि तो वासराच्या मांसासारखा लागल्याचे लिहून ठेवले. गॅलापागोसच्या महाकाय कासवांबद्दल त्याचे मत असे होते की छातीच्या ढालीसकट भाजलेले मांस आणि कोवळ्या कासवांचे सूप चांगले होते, बाकी मांस यथातथाच. सगळ्यात नामी किस्सा पॅटागोनियातला आहे. तेथे रिआ नावाच्या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याची एक लहान, दुर्मिळ जात असते असे त्याने ऐकले होते आणि तिच्या शोधात तो बरेच दिवस होता. 1833 सरता सरता जहाजावरच्या चित्रकाराने एक पक्षी मारला. मोठ्या जातीचे अर्धवट वाढलेले पिल्लू असावे असे समजून सर्वांनी तो शिजवून खाल्ला. जेवण होत आल्यावर डार्विनच्या डोक्यात प्रकाश पडला. मग डोके, मान, पाय, पंख आणि मोठी पिसे गोळा करून त्याने लंडनला पाठवली आणि त्यावरून त्या जातीला त्याचे नाव देण्यात आले.

ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी तर प्राणिसृष्टी चाखून काढण्याचा विडाच उचलला होता. त्यांच्या घरी पाहुण्यांना पावावर भाजलेले उंदीर मिळत. चिचुंद्रीसारखा जमिनीत राहणारा मोल हा सर्वांत वाईट पदार्थ असे ते बरीच वर्षे सांगत, पण निळी माशी खाल्ल्यावर तो मान तिला मिळाला. त्यांचा मुलगा फ्रँक याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयाशी संधान बांधले होते आणि तेथे मेलेल्या प्राण्यांचे मांस तो मागवून घेई. दोन दिवसांपूर्वी पुरलेला बिबट्या उकरून काढवून त्याने खाल्ला आणि तो फारसा चांगला नव्हता असा शेराही दिला. माझ्यासारख्या माणसाच्या दृष्टीने हा निव्वळ वेडेपणा आहे. कशाने मेले ते ठाऊक नसलेले जनावर खाऊ नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

खाल्ले काय, याची खात्री नसणे ही या विषयातली जुनी खोड आहे. 13 जानेवारी 1951 रोजी न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉटेलात एक्सप्लोरर्स क्लबची वार्षिक मेजवानी झाली आणि तिच्यात बर्फात सापडलेल्या प्रागैतिहासिक प्राण्याचे मांस वाढल्याची वार्ता पसरली. कोणी मॅमथ म्हणे, तर कोणी मेगाथेरियम हा नामशेष झालेला महाकाय स्लॉथ म्हणे. मेजवानीला येऊ न शकलेल्या एका सदस्याने मागवून घेतलेला त्या मांसाचा तुकडा बाटलीत जपला गेला आणि पुढे येल विद्यापीठाच्या संग्रहात पोचला. 2016 मध्ये त्याच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा तो तुकडा हिरव्या सागरी कासवाचा निघाला. आपल्याकडे ‘ससा आहे’, ‘साळिंदर आहे’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या मांसाची कथा याहून वेगळी नाही. मसाल्यात शिजलेला तुकडा पाहून जात सांगणे मला 31 वर्षांच्या नोकरीनंतरही जमत नाही. ते काम प्रयोगशाळेचे आहे.

आता आजारांबद्दल. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या प्रश्नातला खरा उपयोगाचा भाग हाच आहे.

अस्वल आणि रानडुक्कर यांच्या स्नायूत ट्रायकिनेला या गोलकृमीच्या अळ्या वेटोळे करून बसलेल्या असू शकतात. अर्धवट शिजलेले मांस खाल्ले की त्या पोटात मोकळ्या होतात, त्यांची पिलावळ रक्तातून आपल्या स्नायूंत शिरते आणि ताप, डोळ्यांभोवती सूज, असह्य अंगदुखी सुरू होते. मांसाच्या आतल्या भागाचे तापमान 71 अंश सेल्सिअसला पोचले तर त्या मरतात. या कृमीची डुकरात नेहमी आढळणारी जात पुरेसे दिवस गोठवल्यानेही मरते, पण उत्तरेकडील अस्वलांतली जात गोठवणे सहन करते. म्हणून ‘फ्रीजरमध्ये महिनाभर होते’ हे आश्वासन अस्वलाच्या बाबतीत पोकळ ठरते. ध्रुवीय अस्वलाचे यकृत तर शिजवूनही खाण्यासारखे नसते. त्यात जीवनसत्त्व ‘अ’ इतके साठलेले असते की त्याची विषबाधा होते, आणि इनुइट लोक ते कटाक्षाने टाळतात. डग्लस मॉसन याच्या दक्षिण ध्रुवप्रदेशातील मोहिमेत खाद्याची गाडी बर्फाच्या भेगेत गेल्यावर मॉसन आणि झेव्हियर मेर्ट्झ यांना आपलीच कुत्री खावी लागली. चावायला मऊ म्हणून त्यांनी यकृतही खाल्ले. मेर्ट्झ जानेवारी 1913 मध्ये दगावला आणि पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या लक्षणांचा संबंध याच जीवनसत्त्वाच्या अतिरेकाशी जोडला.

मंगोलियात मार्मोट नावाचा खारीच्या कुळातला मोठा प्राणी खातात. 2019 च्या वसंतात तेथील एका जोडप्याने त्याचे मूत्रपिंड प्रकृतीला चांगले म्हणून कच्चे खाल्ले आणि दोघेही प्लेगने गेले. अमेरिकेच्या दक्षिण भागात आर्माडिलो खाल्ला जातो. त्याच्या शरीरात कुष्ठरोगाचा जंतू निसर्गतः आढळतो आणि त्याच्यापासून माणसाला लागण झाल्याचे जनुकीय पुराव्यानिशी दाखवले गेले आहे. या दोन्ही उदाहरणांत शिजलेल्या घासापेक्षा सोलणे, कापणे, कच्चे तोंडात टाकणे या कृती अधिक घातक आहेत. सिंधुदुर्गातल्या माकडतापाचा धडाही तोच आहे. मेलेल्या माकडाजवळ जाणाऱ्याला गोचिडीवाटे तो गाठू शकतो, खाणे तर दूरच.

आपल्या ओळखीच्या खेकड्यालाही मी या यादीत घालतो. मणिपूर, नागालँड, अरुणाचल या भागांत ओढ्यातले खेकडे कच्चे किंवा अर्धेकच्चे खाल्ल्याने फुफ्फुसात पर्णकृमी शिरतात, थुंकीतून रक्त पडू लागते आणि क्षयरोग समजून महिनोन्‌महिने चुकीचे उपचार होतात. आपल्याकडे खेकड्याचे पाय पाट्यावर वाटून, रस गाळून तो कालवणात उकळण्याची रीत आहे. ती उत्तम आहे, पण त्याच पाट्यावर लगेच कच्ची चटणी वाटू नये. पाटा-वरवंटा उकळत्या पाण्याने धुवावा.

रीत हीच ज्यांची सगळी सुरक्षा आहे असे पदार्थही जगात आहेत. ग्रीनलंड शार्कचे ताजे मांस विषारी असते. आइसलँडमध्ये ते कित्येक आठवडे खड्ड्यात दाबून आंबवतात, मग महिनोन्‌महिने वाऱ्यावर टांगतात, तेव्हा अमोनियाचा भपकारा येणारा, पण खाता येणारा हाकार्ल तयार होतो. जपानात फुगू मासा परवानाधारक स्वयंपाकीच करू शकतो, कारण त्याच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन असते. काबुकी रंगभूमीचा नामवंत नट बांदो मित्सुगोरो आठवा याने 1975 मध्ये आग्रह करकरून त्याच्या यकृताचे चार वाटे खाल्ले आणि तो त्याच रात्रीच्या विषबाधेने गेला. याच कुळातला केंड मासा आपल्या कोकणातल्या जाळ्यांतही येतो. आमचे मच्छीमार तो जाळ्यातून काढून सरळ फेकून देतात, आणि तीही रीतच आहे.

शिकारीच्या मटणाबद्दलचे माझे उत्तर स्पष्ट आहे. जाऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे आणि त्याआधी मुंबई राज्याचा 1951 चा कायदा होता, त्यामुळे ‘आजोबांच्या वेळी चालत होते’ ही सबबही फार मागे जात नाही. कायद्यात मांसाची व्याख्या रक्त, हाडे, अंडी, कवच, चरबी यांसह, कच्चे असो वा शिजवलेले, अशी केलेली आहे. म्हणजे ताटातला रस्साही तीत येतो. घोरपड, खवले मांजर, मोर, मगर हे पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्यासंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. 2022 च्या सुधारणेने अनुसूचींची फेरमांडणी झाली. उंदीर पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होते. ती अनुसूचीच आता राहिलेली नाही आणि शेतातला उंदीर संरक्षित यादीतही नाही, म्हणून वर लिहिलेले कातकऱ्यांचे खाणे गुन्हा ठरत नाही. रानडुकराबाबत लोकांचा गोंधळ होतो. पिकाची नासाडी होत असेल तर ठराविक अटींवर त्याला मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती पीक वाचवण्यासाठी असते. तिच्या आधारे मांसाचे वाटे घालता येत नाहीत.

गोव्यात पहिल्या पावसात ‘जंपिंग चिकन’ म्हणून मिळणारे बेडूकही बेकायदेशीरच आहेत. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली, कारण भातशेतीतले किडे खाणारा प्राणीच संपत चालला होता. कोकणात समुद्री कासवाची अंडी उकरून खाण्याचा आणि विकण्याचा प्रघात होता. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला घरट्यांची राखण सुरू केली आणि आज त्याच गावात पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला पर्यटक येतात. येथे मला माझी एक जुनी चूकही कबूल केली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घरी आदराने वाढलेला घोरपडीचा रस्सा मी ‘नाही’ म्हणवेना म्हणून खाल्ला होता. कंबरदुखीला ते मांस चांगले असे यजमानांनी सांगितले. कंबरेला काहीच फरक पडला नाही, आणि पशुवैद्यकाच्या शास्त्रात तसा पडण्याचे कारणही नाही.

मित्रांना दुखवायचे नसेल तर त्यांना शेतावरचा गावठी कोंबडा कापायला सांगावे. आणि पर्थला परतल्यावर कांगारू जरूर खावा, कारण तेथे तो सरकारने ठरवलेल्या कोट्यात, परवानाधारक शिकाऱ्यांकडून आणि तपासणी होऊन बाजारात येतो, तर मगर फार्मवर वाढवलेली असते. कांगारू मध्यम शिजवून खाण्याची तिकडची पद्धत चवीला योग्य आहे. घरात कोणी गरोदर असेल तर मात्र तिला ते पूर्ण शिजवूनच द्यावे, कारण त्यात टोक्सोप्लाझ्मा हा गर्भाला अपाय करणारा सूक्ष्म परजीवी असण्याची शक्यता असते.

महाराष्ट्रातच काही निराळे आणि निर्धोक चाखायचे असेल तर डिसेंबरऐवजी कधीतरी उन्हाळ्यात सुट्टी काढून गडचिरोलीच्या छत्तीसगडलगतच्या भागातल्या आठवडी बाजारात जावे. तेथे आंब्याच्या किंवा सालाच्या झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या पानाच्या द्रोणात मांडलेल्या दिसतील. पलीकडे बस्तरात त्यांच्या चटणीला चापडा म्हणतात, तर ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी-अळ्या मिरची-मिठाबरोबर वाटतात. आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा असतो, पण जिभेला तो लिंबासारखा वाटतो. पहिल्या वेळी मी चमचाभर एकदम तोंडात टाकली आणि वाढणाऱ्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. ती भाकरीला नुसती पुसून खायची असते, हे मला नंतर कळले. एक खबरदारी मात्र घ्यावी. कीटक आणि कोळंबी यांच्या स्नायूत ट्रोपोमायोसिन हे जवळजवळ एकाच घडणीचे प्रथिन असते, म्हणून कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर आपल्या अंगावर पित्त उठत असेल तर ही चटणी बोटाला लावूनही चाखू नये.